यंत्रास शास्त्र शिकविणारे विद्यार्थी

आजच्या विषयाचे नाव थोडे लांबलचक आहे आणि ते वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडली असल्यास त्यात नवल नाही. ‘ज्ञानाधिष्ठित कृत्रिम बुद्धिमत्ता’ या शाखेत डॉक्टरेटसाठी संशोधन करणारा विद्यार्थी नेमके काय करतो, त्याला विद्यापीठे पदरचा पगार देऊन का नेमतात, आणि त्याच्या कामाचा तुमच्याआमच्या जीवनाशी संबंध काय, या तीन प्रश्नांचा ऊहापोह करावयाचा आहे. हे प्रश्न केवळ पंडितांचे राहिलेले नाहीत. ज्या घरात संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरी जर्मनीतील, हॉलंडमधील किंवा आपल्याकडील एखाद्या संस्थेतील अशा जागेची जाहिरात केव्हा ना केव्हा चर्चेला येतेच. चारपाच वर्षांचा ऐन उमेदीचा काळ ज्या कामात घालावयाचा, ते काम काय आहे हे आईबापांस ठाऊक असावे, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.

यंत्राला शहाणे करण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. त्यांतला पहिला उदाहरणांचा. स्वयंपाकघरात मुलगी आईशेजारी बसून भाकरी थापू लागते. पीठ किती मऊ मळावे याचा नियम आई सांगत नाही. पन्नास भाकऱ्या बिघडतात, एक्कावन्नावी जमते. यंत्रापुढे अशीच लाखो उदाहरणे ठेवावयाची आणि त्यांतून त्याने आपले आपण धडा घ्यावयाचा. गेल्या काही वर्षांत ज्या यंत्रांचा गाजावाजा झाला, ती बहुतेक या मार्गाने शिकलेली आहेत. दुसरा मार्ग शास्त्राचा. माहीत असलेले ज्ञान स्पष्ट शब्दांत मांडावयाचे, आणि त्या मांडलेल्या ज्ञानावरून अनुमान कसे काढावे तेही यंत्राला सांगावयाचे. डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. आपल्या नैयायिकांनी शतकानुशतके घोटलेला हा अनुमानाचा प्रकार म्हणजेच ज्ञानाधिष्ठित यंत्रबुद्धीचा गाभा, असे म्हणावयास हरकत नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली, हेही याच जातीचे काम होते. परंतु तेवढ्यावरून ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असे म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. सूत्रे लिहिणे आणि ती निर्जीव यंत्राकडून चालवून घेणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते तोडण्यातच गेल्या साठ वर्षांतील संशोधन खर्ची पडले आहे.

ज्ञानाधिष्ठित यंत्रणेचे दोन भाग असतात, आणि ते वेगळे असतात हीच त्यातली युक्ती आहे. न्यायालयाचे उदाहरण घेऊ. कायद्याचे पुस्तक एकीकडे आणि न्यायाधीश दुसरीकडे. विधिमंडळाने कायदा बदलला तर न्यायाधीश बदलावा लागत नाही. तोच न्यायाधीश नवे पुस्तक उघडतो. यंत्रातही ज्ञानाचे कोठार निराळे आणि त्यावरून निष्कर्ष काढणारी अनुमानाची यंत्रणा निराळी. कोठारात भर घातली की यंत्र अधिक जाणते होते. मात्र आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? कोठारात ज्ञान घालावयाचे कोणी, कसे, आणि ते खरे कशावरून, हा या शास्त्राचा आरंभापासूनचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जसा स्पष्ट दिसतो तसा अन्यत्र क्वचितच. तेथे १९६५ पासून पुढे चार निरनिराळ्या विद्यांचे लोक एकत्र आले. एडवर्ड फायगेनबॉम हे संगणकशास्त्रज्ञ, जोशुआ लेडरबर्ग हे १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले आनुवंशशास्त्रज्ञ, कार्ल जेरासी हे रसायनशास्त्रज्ञ आणि ब्रूस ब्यूकॅनन हे तत्त्वज्ञानाचे पदवीधर. एखाद्या पदार्थाच्या रेणूचे तुकडे केले असता त्या तुकड्यांच्या वजनांवरून मूळ रेणूची रचना ओळखावयाची, हे काम रसायनशास्त्रज्ञ अनुभवाने करीत. तो अनुभव नियमांच्या रूपाने यंत्रात घालण्याचा त्यांचा प्रयत्न ‘डेंड्रल’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातून जो धडा निघाला तो फायगेनबॉम पुढे आयुष्यभर सांगत राहिले. यंत्राची शक्ती त्याच्या तर्काच्या चातुर्यात फारशी नसून त्याला दिलेल्या विषयज्ञानात असते. १९९४ साली संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्या सन्मानात त्यांचे भागीदार होते आंध्रातील एका खेड्यात जन्मलेले राज रेड्डी, ज्यांनी १९६६ साली स्टॅनफर्डमध्येच डॉक्टरेट मिळविली होती.

या मंडळींच्या छायेत १९७० नंतरच्या दशकात एका विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेतलेला विषय पुढे या शाखेचा आदर्श पाठ ठरला. विद्यार्थ्याचे नाव एडवर्ड शॉर्टलिफ. तो वैद्यक आणि संगणनविद्या यांचा एकाच वेळी अभ्यास करीत होता. रक्तात जंतुसंसर्ग झालेला रोगी रुग्णालयात येतो. जंतूंची परीक्षा पूर्ण होण्यास वेळ लागतो. तोवर औषध थांबविता येत नाही. अपुऱ्या माहितीवरून जंतू कोणता असावा हे ताडून प्रतिजैविक औषध निवडावयाचे, हे तज्ज्ञाचे कौशल्य. ते यंत्रात उतरविता येईल काय? या यंत्रणेचे नाव त्याने औषधांच्या नावांतील शेपटावरून ‘मायसिन’ असे ठेवले.

मायसिनमधील एक नियम नमुन्यासाठी पाहू. जंतूचा ग्रॅम-रंग ऋण असेल, त्याचा आकार दांडीसारखा असेल आणि तो प्राणवायूवाचून वाढणारा असेल, तर तो ‘बॅक्टेरॉइडस्’ असण्यास पुष्टी मिळते, आणि त्या पुष्टीचे मान ०.६. असे काही शे नियम. यंत्र उलट्या दिशेने चाले. ‘जंतू कोणता?’ या साध्यापासून ते आरंभ करी, ते साध्य कोणत्या नियमांनी मिळेल ते पाही, आणि त्या नियमांच्या अटींपैकी जे ठाऊक नसेल तेवढेच डॉक्टरांना विचारी. डॉक्टरांनी ‘हे का विचारतोस?’ असा उलट प्रश्न केला तर ते तो नियम दाखवी. ही उलट विचारण्याची सोय क्षुल्लक वाटेल. पण तिच्यामुळेच यंत्राचा सल्ला देववाणी न राहता तपासून पाहण्याजोगा झाला.

ते ०.६ काय, हेही सांगितले पाहिजे, कारण वैद्यकात ‘नक्की’ असे फार थोडे असते. एका नियमाने ०.६ इतका विश्वास दिला म्हणजे ०.४ इतकी शंका उरली. दुसऱ्या स्वतंत्र नियमाने त्याच जंतूकडे ०.७ इतक्या विश्वासाने बोट दाखविले, तर उरलेल्या शंकेपैकी सात दशांश भाग दूर होतो, म्हणजे ०.२८, आणि एकूण विश्वास ०.८८ होतो. साक्षीदार वाढले की खात्री वाढते, पण पूर्ण एक कधी होत नाही. हे गणित व्यवहारी होते, निर्दोष नव्हते. साक्षीदार परस्परांशी संगनमत केलेले असतील तर काय, ही अडचण पुढील संशोधकांनी दाखवून दिली, आणि संभाव्यतेच्या पक्क्या पायावर ही इमारत पुन्हा उभारण्याचे काम ज्यूडिया पर्ल यांच्या १९८८ च्या ग्रंथाने पुढे नेले.

या कामात विद्यार्थ्याचा वेळ कशात गेला असेल? संगणकापुढे बसून आज्ञावली लिहिण्यात गेला असेल असे आपणांस वाटेल. तसा तो गेलाही. पण खरा कष्टाचा भाग जाणत्या डॉक्टरांशी बसून त्यांचे ज्ञान काढून घेण्याचा होता. जाणत्या माणसाची एक गंमत असते: त्याला पुष्कळ माहीत असते, पण आपल्याला काय माहीत आहे हेच त्याला सांगता येत नाही. मुरलेल्या वैद्याला ‘तुम्ही हे कसे ओळखलेत?’ असे विचारा. तो म्हणेल, ‘नाडी पाहिली आणि कळले.’ त्या ‘कळले’चा उलगडा करणे, तो कागदावर मांडणे, तो वाचून दाखवताच ‘छे, असे नेहमीच नसते’ ही तज्ज्ञाची दुरुस्ती ऐकून घेणे, आणि नियम पुन्हा लिहिणे, हे काम विहिरीचा गाळ काढण्यासारखे संथ व चिकाटीचे आहे. ज्ञानसंपादनाची ही अरुंद वाट म्हणजे या शास्त्राची सर्वांत मोठी अडचण, असे तेव्हाच सर्वांच्या ध्यानात आले.

१९७९ साली मायसिनची जी परीक्षा प्रसिद्ध झाली, ती मोठी उद्बोधक आहे. मेंदूच्या आवरणास सूज आलेल्या दहा रोग्यांची प्रकरणे घेण्यात आली. त्यांवर मायसिनने, पाच तज्ज्ञ प्राध्यापकांनी, इतर डॉक्टरांनी आणि वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने उपचार सुचविले. कोणता उपचार कोणाचा हे न सांगता ते सर्व बाहेरच्या आठ तज्ज्ञांपुढे ठेवले. मायसिनचे उपचार शेकडा ६५ वेळा मान्य ठरले. प्राध्यापकांत सर्वांत सरस जो, त्याचे ६२.५, सर्वांत खालचा, त्याचे ४२.५; विद्यार्थ्याचे ३०. यंत्राने प्राध्यापकांना मागे टाकले, ही बातमी झाली. परंतु शांतपणे पाहिले तर त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सर्वोत्तम उत्तरासही तज्ज्ञांची मान्यता शेकडा ६५ च्या वर गेली नाही, म्हणजे तज्ज्ञांतच एकवाक्यता नव्हती. ज्यांच्याकडून ज्ञान घ्यावयाचे त्यांच्यातच मतभेद असतील, तर कोठारात कोणाचे मत भरावयाचे?

आणि एवढे यश मिळूनही मायसिन रुग्णालयात कधी रुजू झाले नाही. त्या काळचे संगणक प्रचंड व दूर ठेवलेले. माहिती टंकून देण्यात डॉक्टरांचा बहुमोल वेळ जाई. आणि यंत्राच्या सल्ल्याने रोग्याचे बरेवाईट झाल्यास जबाबदार कोण, या प्रश्नास उत्तर नव्हते. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

तरीही मायसिन वाया गेले नाही, आणि येथेच डॉक्टरेटच्या संशोधनाचे मर्म दिसते. रँडल डेव्हिस या विद्यार्थ्याने १९७६ च्या आपल्या प्रबंधात असा प्रश्न घेतला की तज्ज्ञाने स्वतःच यंत्राशी बोलून त्याची चूक दुरुस्त करावी, मधला दुभाष्या नको. विल्यम व्हॅन मेल याने मायसिनमधील वैद्यक काढून टाकून अनुमानाची रिकामी यंत्रणा तेवढी ठेवली. त्या रिकाम्या कोठीत दुसऱ्या विषयाचे ज्ञान भरता येऊ लागले, आणि फुफ्फुसाच्या विकारांची यंत्रणा तीतून तयारही झाली. विल्यम क्लॅन्सी याने १९७९ च्या आपल्या प्रबंधासाठी मायसिनच्या नियमांवरून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवावयाचे ठरविले, आणि त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली.

मायसिनमध्ये एक साधा नियम होता: रोगी आठ वर्षांखालील असेल तर टेट्रासायक्लिन देऊ नये. नियम बरोबर आहे. विद्यार्थी विचारतो, ‘का?’ यंत्र तोच नियम पुन्हा दाखविते. खरे कारण असे की हे औषध वाढत्या दातांतील चुन्याशी संयोग पावते आणि दात कायमचे डागाळतात. ही साखळी नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती. नियमात उतरलीच नव्हती. त्यामुळे प्राणावर बेतले असता दात डागाळण्याची पर्वा न करता हे औषध द्यावे काय, हा शहाणपणाचा निर्णय त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होता. नियम पाठ असणे आणि नियमाचे कारण ठाऊक असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, ही शिक्षकांना व न्यायाधीशांना परिचित असलेली गोष्ट एका प्रबंधाच्या निमित्ताने या शास्त्रात रोखठोकपणे पुढे आली. चांगल्या प्रबंधाचे लक्षण हेच. तो आधीच्या घरावर एक मजला चढवितो, आणि चढविताना पायातील फट दाखवून देतो.

१९८० नंतर या विद्येस बाजारात भाव आला. जपानने १९८२ साली ‘पाचव्या पिढीच्या’ संगणकांची मोठी राष्ट्रीय योजना आखली. आपल्याकडेही १९८६ साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ज्ञानाधिष्ठित संगणक यंत्रणांचा प्रकल्प सुरू केला. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मद्रासची आय. आय. टी. आणि कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था ही त्याची केंद्रे होती. परंतु भरती आली तशी ओहोटीही आली. नियम शेकड्यांवरून हजारांवर गेले की एक दुरुस्त करावा तो दुसरा बिघडे. ठरलेल्या चाकोरीबाहेरचा प्रश्न आला की यंत्र गोंधळण्याऐवजी आत्मविश्वासाने चुके. त्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी हात आखडता घेतला. जपानी योजना १९९२ मध्ये संपली, ती आरंभीच्या आशा पुऱ्या न करताच.

बाजार उठला, पण अभ्यासिकांतील दिवे मालवले नाहीत. या ओहोटीच्या काळात तरुण संशोधकांनी एक मूलभूत प्रश्न लावून धरला. ज्ञान कोणत्या भाषेत मांडावे, म्हणजे त्यावरून काढलेले अनुमान निश्चित बरोबर असेल आणि वेळेत निघेल? नात्यांचे उदाहरण घेऊ. आत्या म्हणजे बापाची बहीण, नणंद म्हणजे नवऱ्याची बहीण, एवढ्या व्याख्या यंत्रास दिल्या. आता मुलाची आत्या ही त्याच्या आईची नणंद होते, हे आपण सांगितले नसतानाही यंत्राने व्याख्यांवरून ओळखावयास हवे. हे सोपे वाटते. पण भाषा जसजशी समर्थ होते तसतसा अनुमानास लागणारा वेळ भयंकर वाढतो. १९८४ साली ब्रॅकमन व लेव्हेक या दोघांनी दाखविले की भाषेत एका निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दप्रयोगाची भर पडली तरी सोपे काम दुष्कर होऊ शकते. तेव्हापासून, किती बोलता यावे आणि किती लवकर कळावे, यांचा मेळ घालणे हा डॉक्टरेटच्या प्रबंधांचा एक सुपीक विषय झाला आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या फ्रान्ट्स बाडर यांनी सहकाऱ्यांसह २००५ साली अशी एक माफक भाषा पुढे मांडली की तिच्यात अनुमाने झटपट निघतात आणि तरीही वैद्यकातील बहुतेक व्याख्या मावतात.

या कोरड्या वाटणाऱ्या गणिताचा उपयोग किती ओला आहे पहा. ‘स्नोमेड’ नावाचा वैद्यकीय संज्ञांचा जागतिक कोश आहे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत, आणि त्या परस्परांशी व्याख्यांनी जोडलेल्या आहेत. फुफ्फुसाचा दाह हा छातीतील विकार आहे हे कोणी हाताने नोंदवावे लागत नाही. यंत्र ते व्याख्येवरून काढते. एवढा अवाढव्य कोश नीट लावता येतो तो त्या माफक भाषेच्या जोरावर. भारत २०१४ साली त्याचा सभासद झाला, आणि त्यासंबंधीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या संस्थेत आहे.

येथे आपल्या भाषेचाही संबंध येतो. हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या रोगात मुलाला तो दोष सामान्यतः आईकडून येतो. म्हणून मामाला हा रोग होता काय, हा प्रश्न महत्त्वाचा. काकाला होता काय, याला तितके महत्त्व नाही. मराठी माणूस ‘मामा’ म्हणताच अर्धे काम झाले. पण नोंद जर ‘अंकल’ या एकाच शब्दाखाली झाली, तर मौल्यवान माहिती नोंदतानाच सांडली. ज्ञानाचे कोठार बांधणाराला भाषा आणि समाज ठाऊक असावा लागतो तो यासाठी.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. नोव्हेंबर २०२२ पासून, बोलणारी व लिहिणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. ती पहिल्या मार्गाने, म्हणजे अगणित मजकुराच्या उदाहरणांवरून, शिकलेली आहेत. त्यांचे भाषाप्रभुत्व थक्क करणारे आहे. परंतु त्यांस जे ठाऊक नाही तेही ती तितक्याच सफाईने सांगतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राने पुरविलेले पूर्वनिर्णय दाखल केले. शोध घेता ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरांचा दंड ठोठावला. मायसिनला दहा शब्दांपलीकडे बोलता येत नसेल, पण ‘कशावरून?’ या प्रश्नाला ते आपला नियम पुढे करी. नव्या यंत्राला सर्व काही बोलता येते, पण त्याने पुढे केलेला पुरावा खरा असेलच अशी हमी नाही.

म्हणूनच दोन्ही मार्गांचा संगम कसा व्हावा, हा आज या शाखेतील सर्वांत जिवंत प्रश्न आहे. एक उदाहरण शाळेतील भूमिती आठवणाऱ्यांस रुचेल. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या क्रमाने आपण प्रमेय सोडवीत असू. सिद्धतेच्या पायऱ्या नियमाने जातात. पण रचना, म्हणजे कोणती जादा रेषा काढावी, ती मात्र सुचावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये ‘अल्फाजॉमेट्री’ नावाची यंत्रणा प्रसिद्ध झाली. तिच्यात रचना सुचविण्याचे काम उदाहरणांवरून शिकलेल्या भागाकडे, आणि सिद्धता देण्याचे काम नियमांनी चालणाऱ्या भागाकडे दिले होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ३० प्रश्नांपैकी २५ तिने दिलेल्या वेळात सोडविले. एकाने सुचवावे, दुसऱ्याने तपासावे, हा तो संसार. वैद्यक, कायदा, रसायन या क्षेत्रांत असाच संसार थाटता येईल काय, तेथे ‘सिद्धता’ कशास म्हणावयाचे, हे प्रश्न तरुण संशोधकांची वाट पाहत आहेत. आणि नव्या जागा निघतात त्या यासाठी.

शेवटी त्या जागांविषयी. परदेशांतील पद्धती एकसारख्या नाहीत. जर्मनी, हॉलंड आणि उत्तर युरोपातील बऱ्याच देशांत डॉक्टरेटचा संशोधक पुष्कळदा विद्यापीठाचा नोकर असतो. जागा निघते, अर्ज येतात, मुलाखत होते, करारपत्र होते आणि दरमहा पगार मिळतो. हॉलंडमध्ये सामान्यतः ही मुदत चार वर्षांची. जर्मनीत पगार सरकारी श्रेणीप्रमाणे, पण जागा पूर्ण, पाऊण की अर्धी, हे जाहिरातीत बारकाईने वाचावे लागते. अशा ठिकाणी विषय पुष्कळदा आधीच ठरलेला असतो, कारण पैसा एखाद्या प्रकल्पाचा असतो. अमेरिकेत काळ लांब, आरंभी वर्गातील अभ्यास, आणि अध्यापनाच्या किंवा संशोधनाच्या मदतीबद्दल वेतन अशी रीत आहे. आपल्याकडे पात्रता परीक्षा देऊन मिळणारी कनिष्ठ संशोधनवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, आणि वरिष्ठ वृत्ती ४२,००० रुपये. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधनवृत्तीत हा आकडा ७०,००० ते ८०,००० असा ठेवण्यात आला.

तेव्हा घरी असा प्रश्न आला तर पगाराच्या आकड्याबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात. मार्गदर्शकाचे मागील विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले काय, आणि किती वर्षांत? पैशाची सोय पूर्ण मुदतीची आहे की पहिल्या वर्षापुरती? ज्या विषयाचे ज्ञान यंत्रात घालावयाचे, त्या विषयाचे जाणते लोक, डॉक्टर, वकील, अभियंते, खरोखर वेळ देणार आहेत काय? स्टॅनफर्डच्या त्या विद्यार्थ्यांभोवती असे लोक नसते तर त्यांची बुद्धी फुकट गेली असती. आणि पगाराची जागा मिळवून देतो म्हणून आपल्याकडूनच पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

एक आणखी. या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव होईल असे नाही. पुष्कळ प्रबंध चार परीक्षकांनी वाचले आणि ग्रंथालयात गेले, असेच होते. प्रयोग फसतात, मार्गदर्शक बदलतात, वर्षे उलटतात. घरी ‘अजून शिकतोच आहेस का?’ हा प्रश्न दर दिवाळीस उभा राहतो. त्या प्रश्नाची बोच कमी करणे आपल्या हातात आहे. यंत्र रोग्याला औषध सांगणार, अर्जदाराला कर्ज नाकारणार, न्यायालयास दाखले पुरविणार, हे दिवस दूर नाहीत. काही ठिकाणी आलेही आहेत. अशा वेळी ‘कशावरून?’ आणि ‘का?’ हे दोन प्रश्न यंत्रास विचारता येतील आणि त्यांचे खरे उत्तर मिळेल, अशी व्यवस्था कोणीतरी खपून बांधली पाहिजे. ते काम करणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या गावातून निघाली तर तिला निरोप देताना, ती काय करावयास निघाली आहे हे आपणांस ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.